डॉलरमागे दोन रुपये

डॉलरमागे दोन रुपये वाचवायला गेलो आणि माझ्या सख्ख्या आतेभावाचा उजवा हात मी हातोडीने फोडला. हे आधीच सांगून टाकतो. पुढे लिहिताना मी स्वतःला थोडं सावरून घेईन, तसा माझा स्वभाव आहे, म्हणून मुख्य गोष्ट वर असलेली बरी.

माझा राग पेण ते रोहा सगळ्यांना माहीत आहे. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी शिफ्टला ऑपरेटर आहे. तिथे एकदा मी पाना फेकून मारला होता. तो माणसाला न लागता पाइपला लागला, म्हणून नोकरी राहिली. वडील मिठागरावर मुकादम होते आणि हाताला लागेल त्याने मला बडवायचे. पण बापाने मारलं म्हणून मी मारतो असं रडगाणं गाणाऱ्यांची मला चीड येते. राग येण्याआधीचा क्षण मला बरोबर कळतो. कानशिलं तापतात, तळहात शिवशिवायला लागतात. त्या क्षणी थांबता येतं. मी थांबत नाही, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी बायकोने माझा पगार फोनवर तिच्या बहिणीला सांगितला. भाकरी चालू होत्या. मी चुलीवरचा तवा उचलून तिच्या दिशेने भिरकावला. माझाही हात भाजला, पण तिची भुवई फाटली. टाके पडले. टाके काढले त्या दिवशी ती दवाखान्यातून घरी न येता थेट माहेरी गेली. माहेर रोह्याच्या पलीकडे, भात आणि वाल पिकवणाऱ्यांचं गाव. साडेचार महिने आली नाही. मी आणायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी मला अंगणात बसवलं आणि पाणीसुद्धा विचारलं नाही. शेवटी ती पिशवी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "येते. पन पुन्ना हात उचललात तर मंग माजं तोंड दिसायचं नाय."

त्यानंतर मी तिच्यावर हात उचलला नाही. ताटं फेकली, दाराला लाथा घातल्या, एक मोबाईल भिंतीवर आपटून त्याचा चुरा केला, पण तिला बोट लावलं नाही. याला मी सुधारणा समजत होतो आणि तिनेही समजावी अशी माझी अपेक्षा होती. ती बोलायची माझ्याशी. जेवायला वाढू का, लाइटबिल आलंय, मुलीचा हॉस्टेलवरून फोन होता. पण माहेराहून आल्यापासून ती माझ्यासमोर एकदाही हसली नव्हती. शेजारणीकडे बसली की तिचं हसू भिंतीतून ऐकू यायचं आणि मी घरात पाय ठेवला की ते बंद पडायचं. ते मला खरं झोंबायचं.

कंपनीतला एक जण थायलंडला जाऊन आला. त्याचे फोटो मी तिला दाखवले. समुद्रात गळ्यापर्यंत उभं राहिलं तरी पायाची बोटं दिसतात असं पाणी. आमच्या खाडीत घोटाभर उतरलं तरी पाय कुठे गेला ते कळत नाही. तिने मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "एवढं चोख पानी असतं?" मी त्याच दिवशी ठरवलं. थायलंड, आठ दिवस, दोघंच. त्या आठ दिवसांत ती हसेल, तवा विसरेल, आमचं घर पुन्हा घर होईल. ट्रिप म्हणजे मला दुसरं काही नव्हतंच. रोह्याच्या एका ट्रॅव्हल एजंटाकडे पैसे भरले आणि पासपोर्ट काढले. तिकडे खर्चायला आठशे डॉलर न्यायचे आणि तिथेच त्यांचे बाट, म्हणजे तिकडचे पैसे, करून घ्यायचे, असा हिशेब ठरला.

आता डॉलर घ्यायचे तर सरळ जाऊन घ्यावेत. पण मी कांदेसुद्धा चार दुकानं फिरून घेतो. पेणच्या एका बँकेत गेलो. काचेमागच्या पोराने फॉर्म दिला, पॅनकार्ड मागितलं, पासपोर्ट मागितला आणि तीन दिवसांनी या म्हणाला. भाव विचारला तर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "तो त्या दिवशीचा जो असेल तो." मी म्हटलं, "मग मी आज काय तुझं तोंड बघायला आलोय?" मी काचेवर बुक्की मारली. काच फुटली नाही, पण वॉचमन धावत आला. पनवेलला एका दुकानात बाहेर पाटीवर चांगला भाव लिहिलेला होता. आत शिरल्यावर कमिशन, त्यावर टॅक्स आणि वर सर्व्हिस म्हणून काहीतरी. मी त्या माणसाची कॉलर धरून त्याला त्याच्याच पाटीपर्यंत ओढत नेलं आणि म्हटलं, वाच मोठ्याने. रस्त्यातली माणसं थांबून बघत होती. त्याने वाचलंसुद्धा. भाव मात्र कमी केला नाही. विमानतळावर तर उघड लूट असते, असं कंपनीतला तो फोटोवाला म्हणाला होता.

त्याच्याकडून मी नोटांचं सगळं शास्त्र शिकलो होतो. शंभराच्याच नोटा न्यायच्या, सुट्या नोटांना तिकडे कमी भाव देतात. नोटेवरच्या गोऱ्या बाबाचं डोकं मोठं हवं, लहान डोक्याची जुनी नोट नाक मुरडून घेतात. घडी नको, पेनची रेघ नको, डाग तर मुळीच नको. एवढं सगळं मला पाठ होतं, आणि तरी पुढचं घडलं.

माझा आतेभाऊ धरमतरला बार्जवर खलाशी होता. समुद्रात उभ्या राहिलेल्या मोठ्या जहाजांतून माल उतरवून हे बार्ज खाडीत आणतात. आतेभाऊ जाताना ताजी कोलंबी, लिंबं, कधी देशी कोंबड्या घेऊन जायचा. जहाजावरचे परदेशी खलाशी महिनोन्महिने डब्यातलं खाऊन कंटाळलेले असतात, ते त्याला डॉलर द्यायचे. किरकोळ नोटा साठल्या की तो कुठल्यातरी जहाजावरच्या स्वयंपाक्याकडून त्यांच्या शंभराच्या करून घ्यायचा. खाडीकाठच्या त्याच्या घरात, तांदळाच्या डब्यात, अमेरिकेचे पैसे असायचे. हे कायद्यात बसत नाही, मला माहीत होतं. पण बँकेपेक्षा डॉलरमागे दोन रुपये कमी म्हणाला. आठशे डॉलर, म्हणजे सोळाशे रुपये. सोळाशे रुपये वाचवल्याचा मला लॉटरी लागल्यासारखा आनंद झाला होता.

त्याच्या घरी गेलो तेव्हा आतेभावाने जवळा आणि भाकरी जेवायला घातली. जेवण झाल्यावर त्याने आठ नोटा प्लास्टिकच्या पाकिटात घालून पुढे ठेवल्या. म्हणाला, "दादा, बाहेर काडून बघून घे नीट." मी पाकीट न उघडता, बँकेतल्या कॅशियरसारख्या नुसत्या कडा मोजल्या आणि खिशात टाकलं. घरच्या माणसाच्या नोटा उलटून बघितल्या तर हलकेपणा वाटेल, असा माझा रुबाब. घरी येऊन पाकीट बायकोच्या हातात दिलं. म्हटलं, "कपाटात ठेव. जिवापाड सांभाळ." तिने दोन्ही हातांनी घेतलं.

पाच दिवसांनी, पहिली शिफ्ट सुटल्यावर मी पाकीट घेऊन रोह्यात एजंटाकडे गेलो. सकाळी कपाटातून काढताना मी ते बघितलंही नव्हतं, तसंच डब्याच्या पिशवीत टाकलं होतं. डोकी मोठी आहेत की लहान, एवढं त्याच्याकडून तपासून घ्यायचं होतं. त्याने नोटा टेबलावर पसरल्या आणि मला खुर्ची दिली. म्हणाला, "साहेब, ह्या नोटा तिकडं कोण हातात पन धरनार नाय."

आठही नोटांवर लाल डाग होते. ठिपका नव्हे, पसरलेले डाग. एका नोटेचा रंग ओला होऊन दुसरीवर गेलेला आणि कडेने पिवळसर ओघळ. गोऱ्या बाबाचं कपाळ आणि अर्धं तोंड रंगलेलं. एजंटाने नोट नखाने खरवडली. म्हणाला, "तिकडं बँका चोरीच्या नोटांवर असा रंग उडवतात, ओळखू याव्यात म्हनून. बँकॉकला पोलिसांना बोलावतील. घेतल्या कुनाकडून?" मी आधी बढाई मारली होतीच, की बार्जवाल्याकडून स्वस्तात आणल्या. तो म्हणाला, "तरीच. बार्जला लाल रंग मारतात ना, गंज लागू नये म्हनून. हात धुतलेच नसतील बेट्यानं."

आतेभावाचे हात बारा महिने त्या रंगाने लाल असायचे. जेवताना मी ते पाहिले होते. माझी कानशिलं तिथेच तापली. एजंटाच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट मी उचलला आणि परत ठेवला. त्याचा संबंध नव्हता, हे तेवढं कळत होतं.

बाइक काढली. रोहा, नागोठणं, मग हायवे. कासूच्या पुढे एका ट्रकवाल्याने कट मारला, तर मी त्याच्या बरोबरीने बाइक पळवत त्याच्या दारावर लाथ मारली. पडलो असतो तर चाकाखाली गेलो असतो. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. हिला काय सांगू? ट्रिपला दहा दिवस राहिले होते. माझ्या घरच्या माणसाने मला फसवलं, आणि ते कळल्यावर हिचा चेहरा पुन्हा तसाच दगडासारखा होईल. तो चेहरा आठवला की ॲक्सिलरेटर आपोआप पिळला जात होता.

धरमतरला ओहोटी होती. त्याचा बार्ज चिखलावर टेकलेला होता आणि आतेभाऊ डेकवर मांडी घालून हातोडीने गंज ठोकून काढत होता. मला बघून हसला. "दादा? आज इकडं कसा?" मी पाकीट त्याच्या तोंडावर फेकलं.

त्याने नोटा गोळा केल्या, वारा होता म्हणून घाईघाईने. बघितल्या. म्हणाला, "ह्ये काय झालं रं?"

"मला विचारतोस?"

"दादा, देवाशपथ, मी दिल्या तवा कोऱ्या व्हत्या. ह्यो माजा रंग नाय."

मी त्याच्या कानफटात लगावली. तो उठला, मागे सरकला. दोन्ही हात पुढे करून, एका हातात नोट धरून, मला समजावत होता. "वास घे, दादा. रंगाला वास येतो. दोन मयने जात नाय. ह्येला काय वास हाय? बघ तरी."

त्याने नोट माझ्या नाकापुढे धरली होती. श्वास घेतला असता तरी पुरलं असतं. मी त्याच्या पोटात लाथ घातली. तो लोखंडी खुंटावर आपटून खाली बसला. बार्जचा दोर बांधतात तो जाडजूड खुंट. आधाराला त्याने उजवा पंजा खुंटावर टेकला होता. गंज ठोकायची हातोडी माझ्या पायाशी पडली होती. मी ती उचलली.

आवाज फार मोठा झाला नाही. लोखंडावर लोखंड आपटलं की होतो तसाही झाला नाही, कारण मध्ये हात होता. तो ओरडला नाही, फक्त तोंड उघडं राहिलं. मी दुसऱ्यांदा हातोडी वर नेली. ती खाली आली नाही, याचं श्रेय मला नाही. दोन खलाशांनी मला मागून धरलं, डेकवर पाडलं आणि मनसोक्त तुडवलं. माझे पुढचे दोन दात तिथेच गेले. एकाने माझं डोकं पत्र्यावर आपटून विचारलं, "भाऊ हाय ना तुजा तो? कोन करतो असं?" त्यांनीच आतेभावाला रिक्षात घालून पेणला नेलं.

डॉक्टरांना आतेभावाने सांगितलं, काम करताना आपलीच हातोडी निसटली. पोलिसांना पण तेच. त्याची तीन बोटं आता मिटत नाहीत. बार्जवर दोर धरता येत नाही, म्हणून तो जेट्टीवर वॉचमन म्हणून बसतो. ऑपरेशनचे पैसे मी दिले, त्याच्या बायकोने घेतले आणि म्हणाली, "दारात पाय ठेवू नका परत." त्याला रस्त्यात भेटलो तर तो अजून दादा म्हणतो. मला त्याने शिव्या दिलेल्या चालतील, ते दादा ऐकवत नाही.

त्या संध्याकाळी मी पेणच्या रामवाडीत, घरी आलो. शर्टावर रक्त, त्यातलं काही माझं, काही त्याचं. दार आतून लावलेलं होतं. मी बेल वाजवली. बायकोने उघडलं आणि मी आत आल्यावर ते लावलं नाही. उलट दुसरी फळीही कडी काढून सताड उघडली, खाली विटेचा तुकडा सरकवला आणि मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. तिला आतेभावाच्या बायकोचा फोन आलेला होता.

"नोटांना मीच लावलं," ती म्हणाली.

मला कळलंच नाही. "काय लावलं?"

"हळदकुंकू. शुक्रवारी देवाफुडं ठेवल्या. पयल्यांदा विमानात बसनार, आनी लक्ष्मीच ती, कुटल्याबी देशाची असली तरी. आठीच्या आठी नोटांना लावलं, ओल्या बोटानं. त्या म्हाताऱ्याच्या कपाळाला. सुकायच्या आधीच पाकिटात घातल्या असतील मी. मला काय म्हाईत, चालत नाय म्हनून."

आमच्याकडे नवी गाडी, नवी शिलाई मशीन, पोरांची पुस्तकं, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. माझ्या हेल्मेटलाही तिने लावलं होतं. मी तिला नोटांचं शास्त्र सांगितलं नव्हतं. भाव सांगितला होता, दोन रुपये वाचवल्याची फुशारकी मारली होती, पण डाग चालत नाहीत हे सांगायचं सुचलं नव्हतं. तिला कशाला सांगायचं, असंही वाटलं असेल.

माझा हात वर गेला. खरं लिहायचं तर लिहितो. आतेभावाचं रक्त सुकलेला तोच हात खांद्याच्या वर गेला, कारण तिने हे आधीच सांगितलं असतं तर काहीच झालं नसतं, असं मला त्या क्षणी शंभर टक्के खरं वाटत होतं. ती हलली नाही. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती माझ्या खांद्यावरून दाराबाहेर बघत होती. समोरच्या घरातली बाई झाडू हातात धरून अंगणात उभी होती. झाडत नव्हती, नुसती बघत होती. तिच्या मागे तिची सासू, आणि पायरीवर तिसऱ्या घरातला रिक्षावाला. बायकोने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

मी हात खाली घेतला. रडलो. रक्ताने चिकटलेल्या तोंडाने काय काय बोललो. म्हटलं, उद्या सुट्टी टाकतो, बँकेत जातो, जो भाव असेल त्या भावाने नोटा घेतो, तू फक्त बॅग भर.

"मी नाय येत," ती म्हणाली.

"अगं, पैसे भरलेत सगळे. तुला ते पाणी बघायचं होतं ना?"

"बघायचं व्हतं." मग पहिल्यांदा तिने माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "हितं मी वरडले तर रामवाडी गोळा व्हते. तिकडं मी वरडले तर कोन येनार हाय?"

मी नाही गं मारणार, असं म्हणायला तोंड उघडलं आणि शर्टाकडे बघून मिटलं. ती ओट्याकडे वळली आणि तिने भाताला तांदूळ घेतले.

ती मला सोडून गेली नाही. ताट वाढते, लाइटबिल आलं की सांगते. पण त्या दिवसापासून मी घरात असेन तेवढा वेळ आमचं पुढचं दार उघडं असतं. खाडीचे डास आत येतात, पावसात पाणी येतं. ती फडक्याने पाणी पुसते, आणि दार लावत नाही.